पाय दिसत नसतील तर बाहेर या: तलाव सांभाळणाऱ्या पालिकांना खुले पत्र

प्रति,
राज्यातल्या महापालिकांचे आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी आणि तलावात बोटिंगचा ठेका देणारे-घेणारे सगळे यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या तलावावर एक मुलगी पाहिली. पाच-सहा वर्षांची असेल. पेडल बोटीत आईशेजारी बसलेली, एक हात पाण्यात सोडलेला. बोट पुढे सरकली की तिच्या बोटांमागे हिरव्या पाण्यात काळसर रेघ उमटायची आणि लगेच मिटायची. त्या रेघेचीच तिला गंमत वाटत होती. बोट काठाला लागली, वडिलांनी भेळेचा कागद पुढे केला आणि तिने त्याच हाताने पहिला घास घेतला. मग हात फ्रॉकला पुसला. घरात रंगकाम चालू असताना भिंतीला टेकलं की कपड्याला जसा पट्टा लागतो, तसा पोपटी पट्टा फ्रॉकवर उमटला.

मी न राहवून वडिलांना म्हटलं, हात धुऊन द्या हो तिचा. ते हसले. "शेवाळ आहे मावशी, नैसर्गिक आहे." धोतऱ्याचं बीसुद्धा नैसर्गिकच असतं, हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं. एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला हे जागच्या जागी सुचू नये, याचं मलाच वाईट वाटलं.

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की बाकीच्या सगळ्या पालिका सुटल्या. आणि तसंही नाव कुठलं घालायचं? कोल्हापूरचा रंकाळा हिरवागार होऊन त्याला दुर्गंधी सुटल्याचं आपण सगळ्यांनी पाहिलंय. उन्हाळ्यात उजनीचं पाणी कसं दिसतं ते भिगवणला पक्षी बघायला जाणाऱ्या कुणालाही विचारा. तुमच्या गावच्या तलावाचं तुम्हाला ठाऊक आहेच.

त्या संध्याकाळी मी पाण्याची बाटली रिकामी केली आणि तलावाचं पाणी भरून घरी आणलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीत ओतून खिडकीत ठेवलं, हलवलं नाही. सकाळी बघते तर खालचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आणि वर बोटभर जाडीचा पोपटी थर. जवळून पाहिलं तर त्यात बारीक रव्यासारखे दाणे. साधं हिरवं शेवाळ असतं तर बहुतेक तळाशी बसलं असतं, नाहीतर काडीला केसांसारखं लोंबलं असतं. हे वर आलं, कारण या जीवांच्या पेशींमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर ते उजेडाकडे तरंगत येतात. जुना मायक्रोस्कोप काढून थेंब पाहिला आणि शंका उरली नाही. पारदर्शक चिकट आवरणात खसखशीसारख्या पेशींचे पुंजके. मायक्रोसिस्टिस.

नाव लांबलचक असलं तरी गोष्ट सोपी आहे. आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर शेवाळ नाहीच. ते सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. यांच्यातल्या काही जाती आणि त्या जातींतले काही वाण विष तयार करतात. मायक्रोसिस्टिसचं विष, मायक्रोसिस्टिन, यकृतावर जातं. ॲनाटॉक्सिन नावाचं दुसरं एक विष मज्जासंस्थेवर जातं. शिवाय नुसत्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, डोळे चुरचुरतात, ओठांना फोड येतात. आणि नुसतं पाहून, मायक्रोस्कोपखालीसुद्धा, यातला वाण विषारी की निरुपद्रवी हे सांगता येत नाही. माझ्या बरणीतलं पाणी विषारी होतं की नव्हतं हे मला माहीत नाही. मुद्दा असा की तुम्हालाही माहीत नाही, आणि बोटीचं तिकीट तुम्ही फाडताय.

काठाच्या पायऱ्यांवर कधी निळसर डाग पाहिलेत? पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ सांडल्यासारखे? आमच्याकडे लोक म्हणतात मूर्तींचा रंग उतरला. गणपतीनंतर म्हणाले तर मी समजू शकते, पण एप्रिलमध्ये कुठल्या मूर्ती? हे जिवाणू मरून फुटले की त्यांच्यातलं निळं रंगद्रव्य बाहेर येतं, त्याचे ते डाग. आणि पेशी फुटली की रंगाबरोबर विषही पाण्यात सुटतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मोरचुदाबद्दल, म्हणजे कॉपर सल्फेटबद्दल, लिहिणार आहे.

हे काही काल लागलेले शोध नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या लेक अलेक्झांड्रिनाच्या काठी पाणी प्यायलेली गुरं, मेंढ्या, घोडे मरत होते. पाण्यावर हिरव्या तैलरंगासारखी साय धरली होती. त्यावर जॉर्ज फ्रान्सिस या गृहस्थांनी 'नेचर'मध्ये लिहिलं ते १८७८ साली. आपल्याकडे तलावात म्हशी धुतात, म्हशी पाणी पितात. गोठ्यात म्हैस अचानक गेली तर साप चावला असेल म्हणून विषय संपतो.

माणसांचं म्हणाल तर सरसकट घाबरवायला मी बसलेली नाही. असल्या पाण्यात पोहून आलेल्या बहुतेकांना एक तर काही होत नाही, नाहीतर पुरळ, मळमळ, जुलाब होऊन दोन-तीन दिवसांत उतार पडतो. पण नेहमी तेवढ्यावर भागतंच असं नाही. २००७च्या जानेवारीत अर्जेंटिनात साल्तो ग्रांदे धरणाच्या जलाशयात एक तरुण जेट-स्की चालवताना दाट शेवाळात पडला. काही तासांत मळमळ, पोटदुखी, ताप. तीन दिवसांनी धाप लागून अतिदक्षता विभागात. आठवड्याभरात यकृताला इजा झाल्याचं दिसलं. तो वाचला. तिथल्या पाण्यात मायक्रोसिस्टिनचं प्रमाण लिटरला ४८.६ मायक्रोग्रॅम भरलं होतं. शेजारच्या उरुग्वेत २०१५ साली मोंटेव्हिडिओच्या किनाऱ्यावर घरच्यांबरोबर डुंबलेल्या वीस महिन्यांच्या बाळाचं यकृत निकामी झालं, बदलावं लागलं. काढलेल्या यकृतात हेच विष सापडलं.

वीस महिन्यांचं बाळ काही तलावाच्या मध्यावर पोहायला जात नाही. ते काठावर बसून पाणी उडवतं. आणि वारा ही साय नेमकी काठालाच आणून लावतो, सकाळी विरळ असलेलं शेवाळ संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यात हजारपट दाट होऊ शकतं. तुमचा नमुना घेणारा माणूस बोटीतून मध्यावर जाऊन बाटली भरतो, मूल मात्र घाटाच्या तिसऱ्या पायरीवर असतं.

आता तुमच्या नमुन्यांकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत उघड्यावर स्नान करण्याजोगं पाणी 'ब' वर्गात येतं. त्याच्या अटी चार. कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० किंवा कमी, सामू म्हणजे पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला निदान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, ३ मिलिग्रॅमच्या आत. मैलापाणी ओळखायला अटी चांगल्या आहेत. शेवाळाच्या विषाचा त्यात उल्लेख नाही. उलट शेवाळ यांतल्या एका अटीला चक्क मदत करतं. भर दुपारी हिरवं पाणी उन्हात ऑक्सिजन बनवत असतं, त्यामुळे दुपारी दोनला बाटली भरली तर ऑक्सिजनचा आकडा बघून साहेब खूश होतात. तोच आकडा पहाटे पाचला मोजा. रात्रभर त्याच जिवाणूंनी श्वास घेऊन तो खाली आणलेला असतो. पहाटे मासे तोंड वर करून का तरंगतात ते कुठल्याही कोळ्याला विचारा. दुपारी सामू मात्र चढतो, नऊच्याही पुढे जातो. अहवालात ऑक्सिजन उत्तम आणि सामू नऊ असं एका ओळीत दिसलं तर पाणी निरोगी आहे असं समजू नका. ते हिरवं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जागतिक आरोग्य संघटनेने पोहण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरला २४ मायक्रोग्रॅम सांगितली आहे. हिशेब कुणाच्या अंगाने केलाय माहितीये? पंधरा किलो वजनाच्या मुलाच्या, ज्याच्या पोटात खेळता खेळता पाव लिटर पाणी जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१९ साली याहून कडक, ८ मायक्रोग्रॅमचा आकडा सुचवला. यातला कुठला धरायचा यावर कृपया समिती नेमू नका. आधी आपला एक आकडा तरी मोजून घ्या.

माझा पुतण्या अमेरिकेत मॅडिसनला शिकतो. गाव तळ्यांच्या मधोमध वसलेलं. उन्हाळ्यात त्याचा कधीतरी मेसेज येतो, "काकू, आज बीच बंद, निळं शेवाळ." तिथलं आरोग्य खातं पोहण्याच्या जागा बघतं, शेवाळ दिसलं की पाटी लावतं, निवळलं की काढतं. लोक कुरकुरत दुसरीकडे जातात. तिथली तळी आपल्यापेक्षा स्वच्छ आहेत म्हणून हे चालतं असं समजू नका. शेताचं खत आणि गावाचं सांडपाणी त्यांनाही सुटलेलं नाही. फरक त्या पाटीचा आहे.

आपल्याकडे रंगाची बातमी होते, पण रंग कुठला यावर. २०२०च्या जूनमध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं तेव्हा केवढा गाजावाजा झाला. आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं, खारटपणा वाढून हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजल्याचं निघालं. चार दिवसांत कारण कळलं नाही तरी निदान कुणीतरी विचारलं. हिरव्याला कोण विचारतो? हिरवं म्हणजे छानच.

घरचंच सांगते. भाचीचा मुलगा, सात वर्षांचा, सुट्टीत पोहायच्या शिबिराला जात होता. शिबिर तलावातच, कडेला दोर बांधून. पाचव्या दिवशी रात्री उलट्या, सकाळी ओठांभोवती फोड, पोटरीपासून चड्डीपर्यंत पुरळ. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काय खाल्लं? आइसफ्रूट, पाणीपुरी, सगळी उजळणी झाली. कुठे पोहला, पाणी कसं होतं, हे कुणी विचारलं नाही. मुलगा तीन दिवसांत उड्या मारायला लागला. हे शेवाळानेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण त्या दिवशीचं पाणी कुणी तपासलंच नव्हतं. पण पुरळ नेमकं चड्डीच्या शिवणीशी सर्वांत दाट होतं. ओल्या कपड्यात अडकलेलं शेवाळ अंगावर चोळलं जातं तेव्हा असंच होतं. ते पाहून मी बरणीकडे बघत बसले. भाचीने त्याचं नाव शिबिरातून काढलं, त्याचा राग अजून माझ्यावर आहे.

तुमच्या दवाखान्यांत केसपेपरवर एक ओळ वाढवता येईल का? 'गेल्या आठवड्यात तलावात, नदीत किंवा शेततळ्यात उतरला होता का?' पैसा लागत नाही. एकाच तलावाची चार नावं एका आठवड्यात दिसली तर कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडेल.

आता मोरचुदाचं. तलाव हिरवा झाला की ओरड होते, ओरड झाली की निविदा निघते आणि कुणीतरी पावडर घेऊन येतो. कुठे जैविक म्हणतात, कुठे एन्झाइम, कुठे साधं मोरचूद. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण मारणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला मोरचुदाने काय मरतं ते ठाऊक आहे. शेवाळही मरतं, दोन-तीन दिवसांत पाणी निवळतं, फोटो निघतात. १९७९ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पाम बेटावर नेमकं हेच केलं होतं. पिण्याच्या धरणात शेवाळ माजलं म्हणून मोरचूद टाकलं. पेशी फुटल्या, आतलं विष पाण्यात मिसळलं, पाणी नळाने घरोघरी गेलं. १४८ माणसं आजारी पडली, त्यांतली १३८ मुलं. बरेच दिवस या आजाराला 'पाम बेटाचा गूढ आजार' म्हणत होते. म्हणून पाणी निवळलेलं दिसलं की लगेच बोटी सुरू करू नका. हिरवं पाणी निदान डोळ्यांना कळतं, मारलेल्या शेवाळाचं निवळ पाणी कळत नाही.

पाणी उकळलं तर? हा प्रश्न मला हमखास विचारतात. यकृतावर जाणारं हे विष उकळून जात नाही. २०१४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलेडो शहराच्या नळाला लेक एरीतलं हे विष उतरलं तेव्हा चार लाखांवर लोकांना सांगावं लागलं की पाणी पिऊ नका, उकळूनही नको. ब्राझीलमध्ये कारुआरूला १९९६ साली डायलिसिसला वापरलेल्या पाण्यात ते होतं आणि ५२ रुग्ण दगावले. ही पिण्याची आणि दवाखान्याची उदाहरणं आहेत, पोहण्याची नाहीत, हे मान्य. पण तुमच्यापैकी किती जणांच्या गावात बोटिंगचा तलाव आणि पिण्याचा तलाव एकच आहे, ते मनाशी मोजा.

संगीत कारंज्याबद्दलही दोन शब्द. तलावाचंच पाणी ओढून चाळीस फूट उडवायचं आणि समोर खुर्च्या मांडायच्या. अशा पाण्याचे तुषार श्वासावाटे आत जाणं हा धोक्याचा एक मार्ग म्हणून ओळखला गेलाय, जलक्रीडेसाठी तो सांगितलेलाच आहे. पाणी हिरवं असेल त्या दिवशी कारंजं बंद ठेवा. गाणी लावा हवी तर.

मुळावर घाव घालायचा तर फॉस्फरस अडवायला लागेल. मैलापाण्यातला, कपड्यांच्या साबणातला, शेतातून वाहून येणारा. कॅनडात १९७३ साली शास्त्रज्ञांनी एका तळ्यात मधोमध पडदा लावून दोन भाग केले. दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस एकीकडेच. तोच अर्धा भाग हिरवा झाला. आपल्या सांडपाणी प्रकल्पांतून बीओडी उतरतो, फॉस्फरस बराचसा तसाच पुढे जातो. त्यामुळे 'प्रक्रिया केलेलं' पाणी सोडूनही तलाव हिरवाच राहतो आणि कोटी खर्चून तसा का, याचं उत्तर कुणाला देता येत नाही. तळाच्या गाळात वर्षानुवर्षांचा साठा आहे तो वेगळाच. हे काम दहा वर्षांचं, पैशाचं. ते उद्या होणार नाही, मला कळतं.

उद्या होण्यासारखी एकच गोष्ट मागते. एक फलक.

जागतिक आरोग्य संघटनेच्याच पुस्तकात सामान्य माणसासाठी एक परीक्षा दिलेली आहे, तिला प्रयोगशाळा लागत नाही. गुडघाभर पाण्यात जपून उभं राहायचं, तळ न ढवळता. हिरवेपणामुळे स्वतःचे पाय दिसत नसतील तर त्या पाण्यात पोहायचं नाही. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याला ही लागू नाही, पण आपला त्रास मार्च ते जूनचा, तेव्हा पाणी गढूळ नसतं, हिरवंच असतं. तुमच्या बागेतल्या माळ्यालासुद्धा हे दर मंगळवारी सकाळी करता येईल. गमबूट घालून.

मजकूर मी तयार ठेवलाय. एका बाजूला: 'पाणी हिरवं आहे. आज उतरू नका. मुलं, म्हशी, कुत्री काठापासून लांब ठेवा. पाणी लागलं असेल तर नळाखाली हात-पाय धुवा, मगच खा. उलटी, पुरळ, धाप लागली तर डॉक्टरांना सांगा, तलावात गेलो होतो.' दुसऱ्या बाजूला एवढंच: 'आज पाय दिसतात.' वर दोन कड्या, म्हणजे पत्रा उलटा टांगता येईल. बोटीच्या तिकीट खिडकीशेजारी लावायचा, सुशोभीकरणाच्या कोनशिलेच्या मागे नाही.

आमच्या पालिकेसाठी पत्रा आणि रंग मी देते. पेंटरशी बोलणं झालंय, तो म्हणाला अक्षरं हिरवी करू का, मी म्हटलं लाल कर. जागा आणि दोन खिळे तेवढे तुमच्याकडून हवेत. बरणी खिडकीत आहे, कधीही येऊन बघा.

कळावे,

आपली,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका